कवळाण्याचे गोपाळराव, बडोद्याचे कलाभवन आणि यूएसबी

नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी १८६३ साली गोपाळराव गायकवाड यांचा जन्म झाला. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. तेच बडोद्याचे महाराजा सयाजीराव. १८९० मध्ये त्यांनी तंत्रशिक्षणासाठी कलाभवन उभारले. १९४९ मध्ये त्यांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कलाभवन त्याची अभियांत्रिकी शाखा बनले.

याच विद्यापीठाचे अभियंते अजय भट्ट १९९० मध्ये अमेरिकेत इंटेल कंपनीत रुजू झाले. कवळाण्याने जगाला यूएसबी दिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण धागा तेथूनच निघतो.

त्या काळी प्रिंटर, मोडेम, बाह्य डिस्क, प्रत्येकाचे पोर्ट निराळे आणि केबलही निराळी. नवे उपकरण जोडले की बहुधा संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. भट्ट आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून, सात कंपन्यांच्या सहकार्याने, जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. चालू संगणकाला उपकरण जोडावे व काढावे, हे त्याचे मुख्य वचन. त्यासाठी प्लगमधील वीजपुरवठ्याच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा लांब ठेवल्या गेल्या: जोडताना वीज आधी पोहोचते, काढताना शेवटी तुटते.

विजेचा प्रश्न असा सुटला. माहितीचा मात्र राहिला. डिस्कवर लिहिणे संथ असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम मजकूर आधी स्मृतीत साठवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. पडद्यावर ‘कॉपी पूर्ण’ दिसले, तरी अखेरचा अंश वाटेतच असू शकतो. फाईलचा कोणता तुकडा कोठे आहे, हे सांगणारी नोंदवहीही डिस्कवरच असते. ती अर्धवट असताना केबल ओढली, तर मोडी कागदांचे शेकडो स्कॅन डिस्कवर असूनही सापडेनासे होतात. पाने शाबूत, अनुक्रमणिका फाटलेली!

‘सेफली रिमूव्ह’ ही आज्ञा उरलेला मजकूर उतरवते, नोंदवही पुरी करते आणि मगच डिस्क मोकळी करते. एखाद्या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडी असेल तर ती नकार देते. लोक त्यालाच कंटाळून केबल ओढतात. २०१८ मध्ये विंडोज १० ने धोरण बदलले: बाह्य डिस्कसाठी हा साठा मूळ मांडणीतच बंद झाला, लिहिण्याचा वेग थोडा घटला आणि आज्ञेविना डिस्क काढणे बरेच निर्धोक झाले. अर्थात, कॉपी चालू नसेल तरच. मॅक आणि लिनक्सवर मात्र आजही आधी ‘इजेक्ट’ करावे लागते.