शब्द आणि तळहाताचा घाम

मेहरूणच्या एका घरी आम्ही प्रार्थनेस गेलो होतो. तेथील तरुण मुलास छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया होता. हे ठाऊक असूनही आम्ही त्यास सर्वांसमक्ष उपदेश केला, की आता ऊठ, कामाला लाग, आईला किती त्रास देशील! तो थरथरू लागला आणि आत निघून गेला. आम्हांस तो उद्धटपणा वाटला.

आमची चूक समजावून देणारे संशोधन पूर्वीच होऊन गेले होते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन हे समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात मनोरुग्णालयातून सुटलेल्या रुग्णांचा मागोवा घेत होते. आईवडिलांकडे वा पत्नीकडे परतलेल्यांचा आजार, भावंडांकडे वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा उलटत होता! पुढे कारण उमगले : सतत टोचून बोलणे, राग आणि जीव गुदमरवणारी काळजी. १९७६ साली व्हॉन व लेफ यांनी दाखविले, की अशा घरी आठवड्यास ३५ तासांहून अधिक सहवास असेल आणि औषधही बंद असेल, तर धोका सर्वांत मोठा. कुटुंबामुळे आजार होतो, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. मातांना दोषी ठरविण्याचा तो अन्याय एकेकाळी वैद्यकानेही केला आहे.

१९७९ साली टॅरिअर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घरीच त्वचेची विद्युत्वाहकता मोजली. मन ताणले की तळहातास सूक्ष्म घाम येतो व ती बदलते. शांत स्वभावाचे नातलग खोलीत आले, की हे चढउतार ओसरत; टीका करणारे आले, तर ते तसेच चढे राहत. रुग्ण तोंडाने काही बोलत नसला, तरी त्याचे शरीर ऐकत असते.

चंदीगड येथील अभ्यासात (१९८७) आपल्याकडील कुटुंबे लंडनच्या मानाने कमी टीका करणारी आढळली. हे वाचून आम्हांस बरे वाटले, आणि मेहरूणचा तो प्रसंग आठवून थोडी लाजही वाटली. त्या घरी कमी टीका होत होती. ती आम्ही बाहेरून नेली.

आपल्या खान्देशाशी, धुळ्याशी नाते असलेले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. हे दुखणे त्यांच्या स्वतःच्या घरातले. ते लपविण्याऐवजी त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. याच आजारावरील ‘देवराई’ हा मराठी चित्रपट (२००४) निघाला, त्यामागेही त्यांची खटपट होती.

पुढे आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. यावेळी औषधे वेळेवर चालू आहेत ना, एवढेच आईला हळूच विचारले. मुलाशी मेहरूणच्या बोरांविषयी बोललो. तो फारसे बोलला नाही. पण उठून आत गेला नाही.