संकलन की संशोधन? : मार्गारेट डेहॉफ यांचा रसायनशास्त्राकडून वैद्यकीय संगणनाकडे प्रवास

विज्ञानाच्या इतिहासात प्रयोग करणाऱ्यास शोधकाचा मान मिळतो. प्रयोगांची फलिते गोळा करणारा मात्र कारकून गणला जातो. मार्गारेट ओकली डेहॉफ (१९२५-१९८३) या अमेरिकन विदुषीचे कार्य हा भेद किती तकलादू आहे हे दाखविते.

कोलंबिया विद्यापीठात जॉर्ज किंबॉल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४८ मध्ये पुंजरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. रेणूंच्या संस्पंदन ऊर्जेची आकडेमोड त्यांनी व्यापारी हिशेबासाठी बनविलेल्या पंचकार्ड यंत्रांवर केली होती. जमाखर्चाच्या यंत्राकडून रसायनशास्त्राचे काम करून घेण्याची ही दृष्टीच पुढे निर्णायक ठरली. अपत्यसंगोपनासाठी काही वर्षे संशोधनापासून दूर राहिल्यानंतर १९६० मध्ये त्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्थेत रुजू झाल्या. रोगनिदानात संगणक वापरण्याचा विचार मांडणारे रॉबर्ट लेडली हे तिचे संस्थापक होत.

त्या काळी प्रथिनाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातील अमिनो आम्लांचा क्रम ठरवीत आणि परस्परांवर येणाऱ्या भागांवरून मूळ साखळी जुळवीत. हाताने महिनोन्‌महिने चालणारी ही जुळणी आयबीएम ७०९० संगणकाकडून करवून घेणारी आज्ञावली डेहॉफ व लेडली यांनी १९६२ मध्ये मांडली. १९६५ मध्ये ज्ञात ६५ प्रथिनांच्या अनुक्रमांचा कोश प्रसिद्ध झाला. प्रत्येक अमिनो आम्लास एकच अक्षर देण्याची त्यांची पद्धत आज सार्वत्रिक आहे.

प्रयोगशाळांतील अनेकांना हे परक्याच्या श्रमांवरचे काम वाटले. परंतु कोश हाती नसता, तर १९७८ चे कोष्टक शक्यच नव्हते. निकटच्या प्रथिनांच्या ७१ गटांतील १५७२ बदल मोजून, उत्क्रांतीत कोणते आम्ल कोणाची जागा किती वेळा घेते, हे त्यात सांगितले आहे. रसायनशास्त्रज्ञास अपेक्षित तेच आकड्यांतून दिसले : समगुणी आम्ले एकमेकांच्या जागी सहज येतात. १९८२ मध्ये विनोना बार्कर व डेहॉफ यांनी कर्करोगकारक विषाणूच्या एका प्रथिनाचे सस्तन प्राण्यांच्या पेशींतील कायनेज विकराशी नाते दाखविले, तेही अनुक्रमांच्या तुलनेतूनच.

त्याच वर्षी डीएनए अनुक्रमांच्या राष्ट्रीय कोशाचे, म्हणजे जेनबँकेचे, काम लॉस अलामॉस येथील गटाकडे गेले. डेहॉफ यांच्या संस्थेने संग्रहाच्या पुनर्वितरणावर घातलेली बंधने अनेक संशोधकांना मान्य नव्हती, आणि हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. अर्थात निधीची चणचणही त्या बंधनांमागे होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कोशावर आधारलेले प्रोटीन इन्फर्मेशन रिसोर्स १९८४ मध्ये सुरू झाले.