सुबाभळीत १०४ गुणसूत्रं! मग ती माणसापेक्षा भारी का?
माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, खैरात २६, बाभळीत ५२ आणि सुबाभळीत चक्क १०४! आकडा पाहून मीही चक्रावलो होतो. पण गुणसूत्रं म्हणजे फोल्डर आणि जीनोम म्हणजे सगळा डेटा, असं समजा. फोल्डर वाढले म्हणून माहिती नवी असेलच असं नाही. सुबाभळीत दोन जातींच्या संकरातून चार संच जमलेत, म्हणजे बराचसा डेटा डुप्लिकेट.

या मोजणीचा उपयोग काय? सुबाभळीचं बी पडून रान माजतं. म्हणून हवाईत तिचा ५२ गुणसूत्रांच्या मेक्सिकन जातीशी संकर केला. दोघांकडून निम्मी-निम्मी आली: ५२ + २६ = ७८. तीन संचांच्या जोड्या जुळत नाहीत, त्यामुळे बीच धरत नाही. झाड वाढतं, पसारा थांबतो. मला तर हे गणित जाम आवडलं!