प्रस्तावना : मिनिटभर श्वास मोजताना

केज, धारूर, परळीकडून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची वॉर्डात पहिली विचारपूस करते ती सिस्टर. तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरची ऑक्सिजनची पातळी ती चार्टवर लिहिते. वॉर्डाच्या बोलीत हे सगळे म्हणजे ‘व्हायटल्स’.

नाडीपरीक्षा आपल्याकडे जुनीच. आकडे लिहून त्यांचा आलेख पाहण्याची शिस्त मात्र अलीकडची. वुंडरलिशने तापाच्या आलेखांवरचा ग्रंथ १८६८ साली लिहिला, रिव्हा-रोचीचा रक्तदाब मोजण्याचा दंडावरचा पट्टा १८९६ साली आला, आणि १९०५ साली कोरोटकॉफने स्टेथोस्कोप लावून रक्तदाब ऐकायला शिकवले.

यात सर्वांत दुर्लक्षित राहिले ते श्वसन. त्याला घड्याळाखेरीज काही लागत नाही, तरी चार्टवरचा तो रकाना बहुधा अंदाजानेच भरला जातो. खाटेमागून खाट १८, १८, २०. मोजायची रीत अशी : नाडी पाहून झाली तरी मनगटावरची बोटे काढू नयेत, नजर छातीकडे न्यावी आणि पूर्ण मिनिट मोजावे. आपला श्वास मोजला जातोय हे कळले की माणूस नकळत तो बदलतो. प्रौढाचे १२ ते २० श्वास ठीक. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेल्या धोकासूचक गुणपद्धतीत २५ किंवा त्याहून अधिक श्वासांना एका लक्षणासाठीचे सर्वाधिक, म्हणजे ३ गुण आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तर गावातल्या कार्यकर्त्यांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले; त्यातून बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

श्वासावर नजर का हवी, याचे एक उदाहरण सर्पदंशाचे. मण्यार चावलेल्या रुग्णाच्या जखमेवर सूज नसते, दुखणेही फारसे नसते. आधी पापण्या जड होतात, मग श्वास उथळ होतो. ऑक्सिमीटर तोवर ९७ दाखवत राहू शकतो. अशा वेळी यंत्राइतकाच छातीवर डोळा हवा.

बीडच्या वाचकाला दुसरे उदाहरण लगेच पटेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तरी बीपी बराच वेळ ११०/७० राहू शकतो, कारण शरीर रक्तवाहिन्या आवळून तो सावरून धरते. नाडी मात्र ९०वरून ११०, १२०वर चढत जाते. वरचा रक्तदाब आणि नाडी यांचे आकडे जवळ येऊ लागले, की ‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून थांबू नये, तातडीने डॉक्टरांना बोलवावे. एकटा आकडा फसवतो. मागच्या तासाच्या आकड्याशेजारी ठेवला की तो बोलतो.

रात्रपाळीत एका सिस्टरवर वॉर्डभर खाटांचा भार टाकून तिच्याकडून अचूक नोंदींची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पुरेशा सिस्टर नेमणे हाही व्हायटल्सच्या शास्त्राचाच भाग मानावा, असे माझे ठाम मत आहे. तोवर वेळ कमी असेल, तेव्हा ज्याची तब्येत काल रात्रीपेक्षा वेगळी वाटते त्याच्यापासून सुरुवात करावी, आणि त्याचे श्वास आधी मोजावेत.