तांब्याच्या पत्र्यावरचा राजा

१६६० सालचा मे महिना. इकडे पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडलाय आणि शिवाजी महाराज गडावर अडकलेत. तिकडे फ्रान्समध्ये एकवीस वर्षांचा चौदावा लुई स्वतःच्या लग्नासाठी स्पेनच्या सीमेजवळ, सँ-झाँ-द-लूझ नावाच्या गावी उतरलाय. लग्नाच्या त्या गडबडीत तो एक फर्मान काढतो: तांब्यावर चित्र कोरणं ही मुक्त कला आहे, कारागीर-संघांचे नियम तिला लागू नाहीत.

ऐन लग्नात राजाला चित्र कोरणाऱ्यांची एवढी काय पडली होती?

या फर्मानामागे रोबेर नांतॉय होता असं मानतात. दोन वर्षांपूर्वीच त्याला राजाचा अधिकृत खोदकार नेमलं होतं. हा माणूस राजाला समोर बसवून आधी रंगीत खडूंनी चेहरा काढायचा. मग तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सळईने एकेक रेघ कोरायची, तीही उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटेल. पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून टाकायची, रेघांमधली तेवढी राहते. ओला कागद ठेवून रुळाखालून काढला, की राजा तयार! चित्राखाली नांतॉय लॅटिनमध्ये लिहायचा की हे प्रत्यक्ष पाहून काढलंय. एक प्रकारची ब्लू टिकच.

मी पडलो कोडिंगवाला, त्यामुळे मला हे असं दिसतं. तैलचित्र म्हणजे एकच फाइल, एकाच भिंतीवर. तांब्याचा पत्रा म्हणजे मास्टर कॉपी. तो झिजेपर्यंत शेकडो, कधी हजारो प्रती निघतात आणि प्रत्येक प्रतीत राजा अगदी तस्साच दिसतो. व्हर्सायला कधीच न गेलेल्या माणसालाही राजा ‘माहीत’ होतो.

लुईचा मंत्री कोल्बेर याने हे बरोबर ओळखलं. त्याने राजाचे महाल, बागा, पडदे, समारंभ असं सगळं कोरून घेतलं आणि त्याचे मोठमोठे ग्रंथ बांधले. ‘काबिने द्यू र्‍वा’ नावाचे हे ग्रंथ परदेशी राजांना आणि वकिलांना भेट म्हणून जायचे. वकील म्हणजे तेव्हाचे राजदूत बरं का, कोर्टातले नव्हेत.

वकिलांसाठी आणखी एक भेट असायची. राजाचं छोटंसं रंगीत चित्र आणि भोवती हिरे. समोरच्याचा दर्जा जेवढा मोठा, तेवढे हिरे महाग. गंमत म्हणजे बरेच जण घरी जाऊन हिरे काढून विकायचे! म्हणून अशा डब्या आज बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. छापील चित्रात विकण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त राजाचा चेहरा. माझ्या मते म्हणूनच ती भेट जास्त पक्की होती.

पण छापखाना काही राजाच्या एकट्याचा नव्हता. १६७२ मध्ये लुईने हॉलंडवर स्वारी केली, तेव्हा रोमेन द होख या डच चित्रकाराने तांब्याचेच पत्रे घेतले आणि फ्रेंच फौजेचे अत्याचार कोरून छापले. पुढे त्याने स्वतःला ‘सूर्यराजा’ म्हणवणाऱ्या लुईचीही यथेच्छ टिंगल छापली. हत्यार तेच, फक्त टोक उलटं. आणि एकदा चित्र बाजारात गेलं की परत कसं घेणार? तेव्हाही ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ नव्हतं.

लुईकडचे बरेच पत्रे मात्र टिकले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या ताब्यात आहेत आणि तिथे जुन्या पत्र्यांवरून काढलेल्या प्रती अजूनही विकत मिळतात. सर्व्हर चालूच आहे म्हणा ना.

आता परत आपल्याकडे येऊ. महाराजांनी स्वतःच्या चेहऱ्याचा असा पत्रा कधी कोरून घेतला नाही. पण दख्खनी चित्रकारांनी काढलेली राजे-सरदारांची छोटी चित्रं डच लोक हॉलंडला घेऊन जायचे. १७२४ ते १७२६ मध्ये फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच लेखकाचे पूर्वेकडच्या देशांवरचे जाडजूड खंड निघाले. त्यात महाराजांचं कोरीव चित्र आहे. त्यांच्या निधनाला तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. ना रायगडाने ते मागवलं, ना कुणा दरबाराला ते भेट गेलं.

आणि आपल्याकडे? कितीतरी वर्षं दुसऱ्याच एका माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी हे डच चित्र लोकांसमोर आणलं, तेव्हा कुठे ते मागे पडलं.