प्रकाशनांचे अभ्यवेक्षण

पुस्तके, नियतकालिके, पत्रके इत्यादींतील मजकुरावर शासनाने ठेवलेले नियंत्रण. व्यवहारात यास ‘सेन्सॉरशिप’ म्हणतात. त्याचे प्रमुख प्रकार तीन : मजकूर छापण्यापूर्वी अधिकाऱ्याकडून संमत करून घेणे, छापलेल्या प्रती सरकारजमा करणे, आणि लेखक, मुद्रक, प्रकाशक वा विक्रेता यांच्यावर खटला भरणे. आक्षेपार्ह काय, हे कोणी व कोणत्या निकषावर ठरवावे, हा यातील मूळ प्रश्न होय. त्याच्या उत्तराचे अनेक टप्पे महाराष्ट्रातील खटल्यांतून घडले.

ब्रिटिश अमदानीत हा निर्णय बव्हंशी शासनाच्या हाती होता. १८७८ च्या देशी वृत्तपत्र अधिनियमाने इंग्रजी पत्रे वगळून केवळ देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध लादले आणि शासकीय कारवाईविरुद्ध न्यायालयात अपील ठेवले नाही. केसरीतील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा व्यापक अर्थ लावला. १९१० च्या मुद्रण अधिनियमाने छापखान्यांकडून अनामत मागण्याचा व ती जप्त करण्याचा अधिकार शासनास दिला. तो १९२२ मध्ये रद्द झाला. तथापि जप्तीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ९९-अ म्हणून समाविष्ट झाली. शासनाने आपल्या मताची कारणे नमूद करावीत आणि बाधित व्यक्तीस उच्च न्यायालयाकडे दाद मागता यावी, अशी तीत योजना होती.

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले व त्यावर वाजवी निर्बंध घालण्यास मुभा ठेवली. अश्लीलतेबाबत मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने १८६८ चा इंग्रज निकष काही फेरफार करून स्वीकारला. मजकूर वाईट प्रभावास सहज बळी पडणाऱ्या मनांना भ्रष्ट करील काय, हा तो निकष. लॉरेन्सच्या कादंबरीची प्रत विक्रीस ठेवल्याबद्दलची उदेशी यांची शिक्षा कायम झाली. याउलट, रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेसाठी मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेले लेखक चंद्रकांत काकोडकर यांना सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष ठरविले. कथा समग्रपणे व समकालीन समाजाच्या धारणा लक्षात घेऊन वाचावी, हे सूत्र त्यातून दृढ झाले. २०१४ मध्ये न्यायालयाने जुना इंग्रज निकष सोडून समाजमान्य मानदंडाचा निकष स्वीकारला.

जप्तीच्या प्रकरणांत कारणांची छाननी निर्णायक ठरते. गोपाळ गोडसे यांच्या गांधीहत्या आणि मी या पुस्तकाच्या जप्तीचा १९६७ मधील आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केला. आणीबाणीत (१९७५–७७) पूर्व-अभ्यवेक्षण लागू असताना, मिनू मसानी यांच्या फ्रीडम फर्स्ट मासिकाच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने १९७६ मध्ये असे ठरविले, की अभ्यवेक्षकाचे अधिकार नियमांच्या मर्यादेतच राहतात; शासनावरील टीका दडपण्यासाठी ते वापरता येत नाहीत. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी ग्रंथावर महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये बंदी घातली. महाराजांविषयी आदर बाळगणारे व न बाळगणारे यांच्यात वैर वाढेल, या कारणातून कायद्याला अभिप्रेत असलेले भिन्न समाजगट स्पष्ट होत नव्हते. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदी रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. मात्र प्रकाशकाने ग्रंथ बंदीपूर्वीच, २००३ मध्ये, मागे घेतला होता.

१ जुलै २०२४ पासून जप्तीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. आदेशाविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो (कलम ९९). आदेश प्रथम अंमलात येतो व त्याची कारणे नंतर तपासली जातात. त्यामुळे अखेर मुक्त ठरलेला ग्रंथही मधल्या काळात वाचकांस दुर्लभ राहतो, ही या व्यवस्थेची मोठी उणीव होय.