बॅटरी गेली म्हणजे यंत्र गेले?

बंगळुरूच्या मराठी घरांत कपाटात पडून असलेल्या जुन्या आयपॉडविषयी एक मत घट्ट बसले आहे : बॅटरी गेली म्हणजे वस्तू गेली. कंपनीने तो बनवणे बंद केले, सुटा भाग मिळायचा नाही, उघडायला जावे तर स्फोट व्हायचा, आणि गाणी फोनवर आहेतच. मग खटाटोप कशाला? संगणकावर पोट असलेली जाणती माणसेही हेच सांगतात. या पूर्वपक्षातला धोक्याचा मुद्दा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

बॅटरी हा झिजणाराच भाग. १९७९ साली आलेला सोनीचा वॉकमन दोन पेन्सिल सेलांवर चालायचा. सेल संपले की नवे आणायचे. वॉकमन मेला असे कोणी म्हणत नसे. २००१ मध्ये आयपॉड आला आणि लिथियम-आयन बॅटरी बंद आवरणाआड गेली. ही बॅटरी चार्जिंगच्या फेऱ्यांनी झिजते, तशी नुसत्या काळानेही झिजते. ‘वापरलाच नाही, तरी गेली कशी?’ याचे उत्तर हेच. पार रिकामी होऊन वर्षानुवर्षे पडली तर आतले तांबे विरघळू लागते, मग ती पुन्हा चार्ज करणे धोक्याचे. यातले काहीही यंत्राच्या चिपला किंवा आवाजाला शिवत नाही.

आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये. पण आतला सेल ३.७ व्होल्टचा, सर्वसाधारण जातीचा. चार्जिंगवर ताबा यंत्रातल्या सर्किटचा. आकार, व्होल्टेज आणि कनेक्टर जुळले की दुसऱ्या कोणी बनवलेला चांगला सेलही चालतो. सुट्या भागांसाठी एस. पी. रोड पालथा घालणाऱ्यांना एकच सांगणे : ‘ओरिजिनल, सीलबंद’ या शब्दांना भुलू नका. दहा वर्षे डब्यात राहिलेला अस्सल सेलही म्हाताराच असतो. आधी बनावटीची तारीख विचारा.

आता धोका. २००५ च्या व्हिडिओ आयपॉडचा मागचा स्टीलचा पत्रा आतल्या खाचांत अडकलेला असतो. पातळ प्लॅस्टिकची पट्टी फटीत सरकवून कडेकडेने एकेक खाच सोडवावी लागते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर आत खुपसला तर बॅटरीला भोक पडून आग लागू शकते. दोन्ही भाग सुटले तरी झटक्याने वेगळे करायचे नाहीत. बॅटरी मागच्या पत्र्याला चिकटलेली असते, तिची पातळ पट्टी समोरच्या बोर्डात गेलेली असते आणि हेडफोनच्या जॅकचीही तशीच. कनेक्टरची इवलीशी तपकिरी कडी हलकेच उचलली की पट्टी सुटते. ओढली की तुटते. यंत्र खरोखर मरते ते इथे. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबू नका, चार्जिंगला लावू नका, जाणत्या कारागिराकडे द्या. धोका खरा आहे, पण तो सावधपणे काम करायला सांगतो, वस्तू टाकून द्यायला नव्हे.

‘गाणी फोनवर आहेत’ हे तर अर्धेच खरे. घरगुती मैफलीचे ध्वनिमुद्रण, कॅसेटवरून उतरवलेल्या आजीच्या ओव्या कोणत्याही वर्गणीत मिळत नाहीत. ते फोनवर आणायचे तरी यंत्र भरवशाने चालू राहायला हवे.

बंद आवरण ही तंत्राची सक्ती आहे, असेही सांगितले जाते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. तिथे कायद्याने जे मागता येते, ते इथे अशक्य कसे?

एक काम मात्र चुकवू नका. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ती अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका. भारताच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार अशी बॅटरी पुरायलाही बंदी आहे आणि जाळायलाही.